बकाबका खाणं आणि वर्तनोपचार: पालक, शिक्षक आणि काळजीवाहकांचे नेहमीचे प्रश्न

आमचा मुलगा लवकर जेवतो, एवढंच. याला उपचार कशाला?

नुसतं लवकर जेवणं हा दोष नाही. घाईच्या नोकरीतली कितीतरी माणसं पाच मिनिटांत ताट संपवतात आणि त्यांना काही होत नाही. आधी तोंडाकडे बघा, घड्याळाकडे नंतर. तोंडातला घास गिळून व्हायच्या आत पुढचा आत जातोय का? गालात बोकाणा दिसतो का? दोनतीनदा जबडा हलवून घास तसाच आत ढकलला जातो का? जेवताना ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, उठल्यावर लगेच उलटी होते का? यातलं काही वारंवार होत असेल, तर ती निव्वळ सवय समजून सोडून देऊ नका. न चावलेला घास श्वासनलिकेच्या तोंडाशी अडकू शकतो. अन्नाचे कण श्वासावाटे फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी असलेल्यांमध्ये हा धोका जास्त असतो, कारण जीभ, जबडा आणि गिळण्याचे स्नायू यांचा मेळ अनेकदा कच्चा असतो आणि 'अडकलंय' हे सांगताही येत नाही.

घशात अडकलंच तर काय करायचं? हे आधी सांगा.

खोकता येत असेल तर खोकू द्या, पाठीवर थापट्या मारत बसू नका. आवाज निघत नाही, खोकला येत नाही, चेहरा निळसर पडतोय, अशी स्थिती असेल तर पुढे वाकवून तळहाताच्या टाचेने दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध ५ जोरदार फटके द्या. तेवढ्याने सुटलं नाही तर मागून कवेत घेऊन, एका हाताची मूठ बेंबीच्या थोडी वर ठेवून, दुसऱ्या हाताने ती धरून आत आणि वर असे ५ झटके द्या. अन्न सुटेपर्यंत किंवा शुद्ध हरपेपर्यंत हे आलटून पालटून चालू ठेवा. बाजूच्या माणसाने तेवढ्यात १०८ ला फोन करावा. शुद्ध गेली तर आडवं झोपवून छातीवर दाब देणं सुरू करा. एक वर्षाखालचं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर पोटावर झटके देत नाहीत, छातीवर देतात. पोटावर झटके दिले असतील तर अन्न निघाल्यावरही डॉक्टरांना दाखवा.

दोन चुका घरोघरी होतात. एक, पाणी पाजणं. दुसरी, घशात अंदाजाने बोटं घालणं. त्याने घास आणखी खाली जातो. समोर दिसतोय आणि चिमटीत धरता येतोय, तेवढाच काढायचा. व्हीलचेअर असेल तर ब्रेक लावा, माणसाला पुढे वाकवा आणि फटके द्या.

हे घरातल्या किमान दोन मोठ्यांना हातात बसलेलं असावं. पुढचं सगळं त्यानंतर.

हा अधाशीपणा आहे का? शिस्त लावली तर जाईल?

नाही. बहुतेकांच्या बाबतीत हे न शिकलेलं कौशल्य असतं. घास, चावणं, गिळणं, थांबणं, पुढचा घास, या साखळीतला 'थांबणं' हा दुवा त्यांच्याकडे नसतो. इतर मुलं तो मोठ्यांकडे बघून, गप्पांच्या ओघात आपसूक उचलतात. ज्या मुलाला दुसऱ्याच्या जेवणाकडे लक्ष द्यायचं सुचत नाही, त्याला तो मुद्दाम शिकवावा लागतो. शिवाय भराभर खाण्याचं बक्षीस जागच्या जागी मिळतं: पुढचा घास. शिक्षेचा धाक त्या बक्षिसापुढे टिकत नाही.

दुसरं कारण इतिहासात असतं. निवासी संस्थेत लहानपण गेलेल्यांनी पटकन खाणं ही शहाणपणाची गोष्ट म्हणून शिकलेली असते. शेजारचा ताटातलं उचलतो, वाढणारी मावशी घाईत असते, घंटा झाली की ताट उचललं जातं. पुढे घरी आल्यावर कोणी ओढून घेत नसलं तरी हाताला ते माहीत नसतं.

वर्तनोपचार सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवावं का?

हो, आणि ही पायरी गाळू नका. दाढ किडली असेल तर मूल न चावता गिळतं. तिथे थांबायला शिकवून उपयोग नाही, दंतवैद्याकडे जायला हवं. फिटवरच्या फेनिटॉइनने हिरड्या सुजतात. रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी आणि व्हॅल्प्रोएटने भूक वाढते. गुंगी आणणाऱ्या औषधांनी गिळणं मंदावतं. वेग अचानक वाढला असेल तर गेल्या दोनतीन महिन्यांत कोणतं औषध बदललं ते आधी बघा. मात्र स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही.

जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणं, नाकातून अन्न येणं, वारंवार छातीत कफ किंवा न्यूमोनिया होणं, वजन घटणं ही गिळण्याच्या बिघाडाची लक्षणं आहेत. अशा वेळी वाणी आणि गिळण्याच्या तज्ज्ञांकडून तपासणी झाल्याशिवाय घरी काहीही सुरू करू नका.

आणि एक साधी गोष्ट: सकाळी ८ ला चहा-बिस्किट आणि दुपारी २ ला जेवण असेल तर कोणीही ताटावर तुटून पडेल. मधे ११ च्या सुमाराला काही पोटात घातलं तर दुपारचा वेग थोडा का होईना उतरतो.

मोजायचं कसं? आणि मोजायचं कशाला?

कारण 'हल्ली जरा बरं आहे' हे मत असतं, नोंद नसते. मोबाईल समोर उभा करून तीन वेगवेगळ्या दिवसांचं एकच जेवण चित्रित करा. त्या दिवसांत काही सांगायचं नाही, अडवायचं नाही. धोका दिसला तरच मधे पडायचं. मग तीन आकडे काढा: पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंतचा वेळ, एकूण घास, आणि तोंड रिकामं होण्याआधी घेतलेले घास. तिसरा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच कोणी मोजत नाही.

समजा, दोन पोळ्या, भाजी आणि वरणभात ३ मिनिटांत आणि २४ घासांत संपला. म्हणजे दर ७.५ सेकंदाला एक घास. त्यातले १५ घास तोंड भरलेलं असताना घेतले. आता तेच अन्न, तेवढंच, घरातल्या निवांत जेवणाऱ्या माणसाला द्या आणि मोजा. त्याला ३६ घास आणि १२ मिनिटं लागली, तर दोन घासांतलं अंतर २० सेकंद. हे तुमचं ध्येय. पुस्तकातला आकडा घेऊ नका. शिरा आणि ज्वारीची भाकरी यांना सारखा वेळ लागत नाही.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. मोठ्याचे घास ३६, मुलाचे २४. मुलाचा घास दीडपट मोठा आहे. नुसतं अंतर वाढवलं आणि आकाराकडे पाहिलं नाही, तर मूल एकाच खेपेत जास्त भरायला शिकतं. कागदावर वेग सुधारतो आणि ठसका तसाच राहतो.

थांबायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही समोर नाही, मागे किंवा उजव्या बाजूला जरा मागे बसायचं. समोर बसलात की नजरानजर होते, बोलणं सुरू होतं आणि सगळं तुमच्या चेहऱ्यावर अवलंबून राहतं. घास तोंडात गेला की लगेच कोपराला हलकेच धरून हात खाली आणा आणि मांडीवरच्या नॅपकिनवर ठेवा. मनात अंक मोजा. वेळ झाली आणि तोंड रिकामं असेल, तर हात सोडा. तोंड अजून भरलेलं असेल तर रिकामं होईपर्यंत थांबा. घड्याळ ही कुबडी आहे, खरी खूण रिकामं तोंड हीच.

सुरुवात ध्येयाच्या आकड्यापासून करायची नाही. ७.५ सेकंदांवरून थेट २० वर नेलं तर तिसऱ्या घासाला ताट हवेत उडेल. ९ सेकंदांनी सुरू करा. लागोपाठ तीन जेवणांत दहातले आठ घास न झगडता नीट पडले, तर २ सेकंद वाढवा. सलग दोन जेवणं बिघडली, तर एक पायरी खाली या. या हिशोबाने ९ ते २० च्या मधे सहा पायऱ्या येतात. एकेका पायरीला चारपाच दिवस धरले तर महिनाभराचं काम आहे.

स्वतःहून हात मांडीवर गेला की तिथेच, त्याच क्षणी, हळू आवाजात 'शाब्बास, हात खाली' म्हणा. प्रश्न विचारू नका. भरल्या तोंडाने उत्तर द्यायला लावणं धोक्याचं आहे. जेवण नीट पार पडलं की त्याच्या आवडीची गोष्ट पाच मिनिटं द्या: गाणं, झोपाळा, मोबाईलवरचा ट्रेनचा व्हिडिओ, जे खरंच आवडतं ते. वेगळा खाऊ बक्षीस म्हणून देण्याची गरज सहसा पडत नाही, कारण थांबल्यानंतर मिळणारा पुढचा घास हेच मोठं बक्षीस असतं.

मदत कमी करण्याचा क्रम असा: आधी कोपर धरून, मग कोपराला नुसता स्पर्श, मग मांडीकडे बोटाने खूण, मग काहीच नाही. अनेकजण स्पर्शावरच वर्षानुवर्षं अडकून पडतात. मूल शिकलेलं असतं, हात काढायला आपणच विसरतो.

यावर अभ्यास झालेले आहेत का?

हो. १९८० मध्ये फॅवेल, मॅकगिम्सी आणि जोन्स यांनी शिक्षा न करता, घासांमधल्या विरामांचं कौतुक करून आणि हाताने मदत करून वेग कमी होतो हे दाखवलं. १९८७ मध्ये लेनॉक्स, मिल्टनबर्गर आणि डॉनेली यांनी घाईचा घास मधेच थांबवणं आणि ठरलेल्या अंतराने घेतलेला घास मोकळा सोडणं एकत्र वापरलं. २००२ मध्ये राइट आणि व्होल्मर यांनी हे अंतर त्या व्यक्तीच्या प्रगतीप्रमाणे बदलत नेलं. वरची '२ सेकंद वाढवा, बिघडलं तर खाली या' ही रीत त्याच वाटेची आहे. २००८ मध्ये अँगल्सी, होच आणि टेलर यांनी स्वमग्न किशोरांच्या खिशात थरथरणारा पेजर ठेवला: थरथरला की घास घ्यायचा. तिघांचाही वेग उतरला आणि पेजर काढल्यावर पुन्हा चढला. हे दोन्ही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

हे सगळे अभ्यास थोड्या व्यक्तींवरचे आहेत. प्रत्येकाचं आधीचं आणि नंतरचं मोजमाप तपशिलात असतं, पण 'शंभरातल्या इतक्यांना गुण येतो' असं त्यातून काढता येत नाही. तसं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहा.

पेजर आता कुठे मिळणार?

नको. ठरावीक अंतराने थरथरणारं टायमर-घड्याळ चालतं. स्वस्त फिटनेस बँडमध्ये इतक्या कमी सेकंदांचं अंतर बहुधा लावता येत नाही, ते विकत घेण्याआधी तपासा. फोन थरथरण्यावर ठेवून कमरेच्या पाऊचमध्ये ठेवला तरी काम होतं. थरथर ओळखायला आधी जेवणाबाहेर शिकवा: वाटीत कुरमुरे, घड्याळ थरथरलं की एक चिमूट. दहापैकी नऊ वेळा बिनचूक जमलं की मग ताटावर या. अंगाला काही बांधलेलं सहन न होणारी मुलं असतात; त्यांना आधी दिवसभर नुसता पट्टा घालायची सवय लावा.

परदेशी पद्धतीत 'काटा खाली ठेव' असं सांगतात. आम्ही हाताने जेवतो, मग?

हा प्रश्न खरा आहे आणि भाषांतरित माहितीपत्रकं तो टाळतात. चमचा खाली ठेवता येतो, हात ठेवता येत नाही. आपल्या जेवणात विराम दडलेला असतो तो कालवण्यात: तोंडातलं चावून होईपर्यंत बोटं पुढचा घास जुळवत असतात. भराभर खाणाऱ्याच्या बाबतीत हेच उलटं फिरतं. घास तयार झाला की हात थांबत नाही. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत कालवणं बंद. वरणभात आधीच कालवून छोट्या वाटीत द्या, पोळीचे दोन बोटं रुंद तुकडे करून भाजी लावून ठेवा, आणि विरामात हात ताटाच्या कडेवर नाही तर मांडीवरच हवा. ताटाच्या कडेवरचा हात दोन सेकंदांत घासावर असतो.

अंतर १५ सेकंदांच्या पुढे गेलं की कालवणं परत आणा. तोपर्यंत ते विरामाचं काम करायला लागलेलं असतं.

नुसतं 'हळू खा' सांगून का होत नाही?

कारण त्यात काय करायचं ते नाही. 'हळू' म्हणजे किती, हे ज्याला कळतं त्याला सांगावंच लागत नाही. एका जेवणात तीस वेळा ऐकलेलं 'हळू रे' पंख्याच्या आवाजासारखं होऊन जातं. शब्द वापरायचाच तर एकच ठरवा, 'हात खाली', आणि घरातल्या सगळ्यांनी तोच म्हणा.

ताट काढून घेतलं तर?

करू नका. अन्न काढून घेणं, उपाशी ठेवणं, हात बांधणं हे उपचार नाहीत, आणि त्याने वेग वाढतो. ताट जाणार आहे हे कळल्यावर कोण सावकाश जेवेल? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण देतो. 'वर्तनोपचार' असं नाव दिल्याने छळ कायदेशीर होत नाही.

हात धरला की ओरडतो, चावतो.

अंतर फार आहे. तुमचा आकडा त्याच्या सध्याच्या वेगापेक्षा सेकंद-दीड सेकंदानेच जास्त असावा. तरीही झगडा होत असेल तर हात धरण्याऐवजी अन्न आवरा: वाटीत एका वेळी दोनच घास वाढा, संपले की आठदहा सेकंदांनी पुढचे दोन. याने पहिल्या दिवसापासून धोका कमी होतो, पण मूल थांबायला शिकत नाही. त्याच्यासाठी तुम्हीच थांबता. म्हणून वाटीतले घास हळूहळू दोनाचे तीन, पाच, दहा करत न्यायचे. झटापटीत, तोंडात अन्न असताना, जोर कधीही लावू नका.

छोट्या चमच्याने प्रश्न सुटेल का?

आकाराचा सुटतो, वेगाचा नाही. साधा ५ मिलीचा चहाचा चमचा घासाला आळा घालतो, पण काही मुलं तोच दुप्पट वेगाने चालवतात. चमचा आणि विराम दोन्ही एकत्र हवेत.

कोणत्या पदार्थांना जपावं?

शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे गोल काप, चिकन-मटणाचे सुके तुकडे, टणक चिक्की हे उघड. लपलेले धोकेही आहेत: कोरडी इडली, ताजा पाव, घट्ट शिरा, पेढा, पिकलेलं केळं. हे मऊ म्हणून आपण बिनधास्त देतो, आणि ते लाळेत भिजून गोळा होऊन घशाला चिकटतात. इडली सांबारात भिजवून, पाव दुधात कुस्करून, केळं उभं चिरून मग तुकडे करून द्या. द्राक्षांचे उभे चार भाग. शिकवणीच्या पहिल्या महिन्यात भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करलेलीच बरी.

मधे मधे पाणी दिलं की आपोआप थांबेल ना?

थांबेल, पण भरल्या तोंडी पाणी म्हणजे न चावलेला घास पाण्याबरोबर आत ढकलणं. पाणी फक्त तोंड रिकामं असताना. गिळण्याची तक्रार असलेल्यांना पातळ पाणीच सगळ्यांत अवघड जातं, म्हणून त्यांच्या बाबतीत तज्ज्ञाला विचारूनच.

प्रेडर-विली सिंड्रोम असेल तर?

वेगळा विषय आहे. १५ व्या गुणसूत्राशी संबंधित या विकारात पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही. विराम शिकवता येतो आणि शिकवावाही, पण स्वयंपाकघराला कुलूप, मोजून वाढलेलं ताट आणि तज्ज्ञांची देखरेख याला त्याने पर्याय मिळत नाही.

आमच्या वसतिगृहात वीस मुलं एका पंगतीत बसतात. प्रत्येकामागे कोण बसणार?

कोणी नाही, आणि सगळ्यांमागे बसायची गरजही नसते. आधी बोकाणा भरणारे कोण, तेवढे निवडा. बहुधा तीनचार निघतात. त्यांना पंगतीच्या टोकाला, ताटातलं ओढणाऱ्यापासून लांब बसवा आणि दहा मिनिटं आधी सुरू करू द्या. एक ताई, दोन मुलं, एवढं प्रमाण झेपतं. वाढप अर्धं-अर्धं दोनदा. 'अजून मिळणार आहे' हे रोज खरं ठरलं पाहिजे. एक दिवस भात संपला की आठवड्याची मेहनत जाते. संस्थेत वेगाचं सगळ्यांत मोठं कारण मुलं नसतातच बहुधा, भांडी घासणाऱ्यांची वेळ असते. जेवणाची सुट्टी १५ मिनिटांची असेल तर ती आधी ३० करा.

आजी भरवते, बाबा अडवत नाहीत, मामाकडे काहीच पाळलं जात नाही.

अर्ध्या पानावर चार ओळी लिहून फ्रिजवर लावा: सध्याचं अंतर, हात कुठे, शब्द कोणता, धोक्याचे पदार्थ. आजींना 'भरवू नका' म्हणण्यापेक्षा काम सोपवा: 'तुम्ही अंक मोजा.' बहुतेक आजी सगळ्यांत काटेकोर मोजतात. सुरुवातीला दिवसातलं एकच जेवण शिकवणीचं ठेवा, जे सगळ्यांत निवांत असेल ते. बाकीच्या जेवणांत छोट्या वाटीने सुरक्षितता सांभाळा.

लग्नकार्यात, बुफेत शिकवणी करायची नाही. घरून थोडं खाऊ घालून न्या, ताट तुम्ही वाढा, शेजारी बसा.

मदत कुठे मिळते?

सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत आहे. गिळण्याच्या तपासणीची चौकशी वांद्र्याच्या, वाणी आणि श्रवण दिव्यांगांसाठीच्या अली यावर जंग संस्थेत करता येते. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली जिल्हा स्तरावरची शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण मिळतं; स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना ते लागू आहे. खासगी थेरपिस्टकडे गेलात तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, आणि पहिल्याच भेटीत मोजमाप न करता 'तीन महिन्यांचं पॅकेज' सांगणाऱ्याकडून उठून या.

घड्याळ आणि मदत कधी काढायची?

ध्येयाचं अंतर दोन आठवडे टिकल्यावर, आणि तेही एकदम नाही. आधी जेवणाच्या शेवटच्या पाच घासांना घड्याळ बंद, मग शेवटच्या दहांना, असं मागून पुढे या. शेवटापासून काढायचं कारण तेव्हा भूक भागलेली असते आणि थांबणं सोपं जातं. पहिले पाच घास सगळ्यांत अवघड; काहींना तेवढ्यापुरतं घड्याळ कायमचं लागतं, त्यात अपयश काही नाही, चष्मा लागतो तसंच ते. पंधरा दिवसांतून एकदा न सांगता चित्रण करून तोंड भरलेलं असताना घेतलेले घास मोजत राहा. १५ चे २ झाले होते आणि पुन्हा ६ दिसले, तर आधी दात, औषधं आणि नवीन वाढपी बघा, मग अंतर एक पायरी खाली आणा.